घराजवळचं छोटं कॉलेज : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी तरी कम्युनिटी कॉलेजबद्दल, म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजबद्दल, म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी लिव्हरमोरला राहते, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, आणि आमच्या गावातल्या लास पोसितास कॉलेजात मी स्वतः क्लासेस केलेत, त्यामुळे उदाहरणं तिथली देईन. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर फी आणि ट्रान्सफरचे नियम वेगळे असणार, ते तुमच्या कॉलेजात विचारून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी यंदा बारावी संपवतेय. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी)च्या डेव्हिस आणि सॅन डिएगो, दोन्हीकडून नकार आला. एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत मिळालंय पण तिथला खर्च आम्हाला झेपणारा नाहीये, धाकटा अजून आहे मागे. नवरा म्हणतो लास पोसितासला घाल, दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेईल. मुलगी दोन दिवस जेवली नाही. पुण्याला सासूबाईंना फोनवर ज्युनिअर कॉलेज म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या अगं तिची बारावी झाली ना, मग परत ज्युनिअर कॉलेज कशाला? मला खरंच कळत नाहीये आम्ही तिचं नुकसान करतोय का. — एक आई, डब्लिन, कॅलिफोर्निया

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू कारण ते सोपं आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, इथे त्याच नावाचा अर्थ वेगळा, डिग्रीची पहिली दोन वर्षं. इलिनॉयमध्ये १९०१ साली जोलिएट ज्युनिअर कॉलेज निघालं ते यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज. त्यांना असं सांग की आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून पोरं थेट इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला जातात ना, तसंच हे, फक्त इथे थेट थर्ड इयरला जायचं. महाराष्ट्रातल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं, माझ्या आईला समजलं होतं.

आता मुलीचं. तिला वाईट वाटणं साहजिक आहे, इन्स्टाग्रामवर सगळ्या मैत्रिणी कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून फोटो टाकतायत आणि हिने काय टाकायचं, हे दुःख खोटं नाहीये, त्याला लगेच "अगं त्यात काय" म्हणू नकोस. पण नुकसान म्हणशील तर नाही. यूसीला ट्रान्सफरने जे विद्यार्थी येतात त्यातले नव्वद टक्क्यांच्या वर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात, ही मागच्या दाराची वाट नाहीये, १९६० च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून राज्याने मुद्दाम बांधलेली वाट आहे. आणि ट्रान्सफरच्या वेळी तिचे हायस्कूलचे मार्क कोणी बघत नाही, कॉलेजमधले बघतात. म्हणजे डेव्हिसचा यंदाचा नकार तिथेच संपला, पुढच्या अर्जावर त्याची सावली नाही. हे तिला नीट बसवून सांग, माझ्या अनुभवात मुलांचा चेहरा हे ऐकल्यावर बदलतो.

पैशाचं बघ, राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, २०१२ पासून हाच दर आहे. सेमिस्टरला पंधरा युनिट घेतली तर ६९० डॉलर, दोन वर्षांची साठ युनिट धरली तर २,७६० डॉलर, वर हेल्थ फी वगैरे किरकोळ. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या फुल टाइम विद्यार्थ्यांना बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं ही फीसुद्धा माफ होते, त्यासाठी फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरावा लागतो, तेव्हा "आपलं इन्कम जास्त आहे, आपल्याला कुठे मिळणार" असं घरी बसून ठरवू नका, फॉर्म भरा. पुस्तकांवर खूप पैसे जातात म्हणून क्लास शोधताना झिरो टेक्स्टबुक कॉस्ट असा शिक्का आहे का बघायचा.

हे झालं सगळ्यांना माहीत असणारं. आता जे माहीत नसतं आणि ज्यावर सगळं अडतं ते सांगते, नवऱ्यालाही वाचायला दे. तुम्ही म्हणताय दोन वर्षांनी ट्रान्सफर. पण हातात दोन वर्षं नसतात, एक असतं. ती ऑगस्टमध्ये सुरू करणार, आणि यूसीचा टॅग नावाचा करार, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेश नक्की, त्याचा अर्ज असतो पुढच्या वर्षी १ ते ३० सप्टेंबरमध्ये. मुख्य अर्ज त्याच्या मागोमाग, नोव्हेंबर अखेरीपर्यंत. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होऊन जेमतेम महिना झालेला असताना तिचा कागद तयार हवा, तीस एक युनिट पदरात हवीत, मेजरचे, म्हणजे डिग्रीच्या मुख्य शाखेचे, महत्त्वाचे विषय झालेले नाहीतर चालू हवेत. "पहिलं वर्ष जरा सेटल होऊ दे मग बघू" म्हणणारी मुलं इथेच मागे पडतात आणि मग दोनाची तीन वर्षं होतात. तीन झाली म्हणून आभाळ कोसळत नाही, खूप जणांची होतात, पण ती नकळत होऊ नयेत.

टॅग सहा कॅम्पस देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत, तिथे अर्ज करता येतो पण हमी नाही. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो आणि सगळ्या मेजरना चालतही नाही, उदाहरणार्थ सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाही. डेव्हिस मुलीच्या मनात होतंच, तर त्या मेजरच्या अटी आजच बघा. कुठे बघायच्या, तर असिस्ट म्हणून राज्याची वेबसाइट आहे, आधी आपलं कॉलेज टाकायचं, मग जिथे जायचं ते, आणि मेजर निवडला की इथला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाला चालतो त्याची यादी येते. ती यादी प्रिंट करून फ्रिजवर लावा. कॉलेजचं नाव मोठं की छोटं यापेक्षा ती यादी वेळेत पूर्ण झाली का, हे शंभर पट महत्त्वाचं आहे.

आणि छोट्या कॉलेजची खरी अडचण इथे येते. मोठ्या कॉलेजात एका विषयाचे सात-आठ वर्ग असतात, सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी. छोट्या ठिकाणी वरच्या लेव्हलचे काही विषय वर्षातून एकदाच लागतात आणि त्याचाही एकच वर्ग, आणि नावं कमी आली तर तो रद्दही होतो. इंजिनिअरिंगच्या मुलांचं तर सगळं साखळीसारखं, कॅल्क्युलसचा पहिला झाल्याशिवाय फिजिक्स नाही, ते झाल्याशिवाय पुढचं नाही, त्यातली एक कडी स्प्रिंग सेमिस्टरला निसटली की पुढच्या स्प्रिंगपर्यंत वाट बघायची. यावर उपाय आहेत. लास पोसितास आणि हेवर्डचं शाबो कॉलेज एकाच कॉलेज डिस्ट्रिक्टची भावंडं, त्यामुळे इथे न मिळालेला विषय तिथे घेता येतो. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, समरमध्ये दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा ऑनलाइन वर्ग घेतला तरी चालतो, फक्त घ्यायच्या आधी असिस्टवर त्या कॉलेजच्या नावाने परत तपासायचं. आणि रजिस्ट्रेशनची जी तारीख-वेळ मिळेल त्या मिनिटाला लॅपटॉप उघडून बसायचं. वर्ग फुल दिसला तरी वेटलिस्टमध्ये नाव घालून पहिल्या दिवशी हजर राहायचं, पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं बरेच प्रोफेसर काढतात आणि तिथे जागा होतात.

काउन्सेलरकडे पहिल्या सेमिस्टरलाच जाऊन सगळ्या सेमिस्टर्सचा लेखी प्लॅन करून घ्यायचा. जाताना असिस्टची यादी हातात घेऊन जायचं, रिकाम्या हाताने गेलं की गप्पा होतात, प्लॅन होत नाही. आणि हे तिने जायचं, तू नाही. अठरा पूर्ण नसली तरी कॉलेजात शिरल्यावर तिचे रेकॉर्ड तिचे, आईबाबांना तिच्या परवानगीशिवाय माहिती देत नाहीत, हे इथल्या पालकांना पहिल्यांदा टोचतं पण ते मुलांच्या भल्याचंच आहे.

एक शेवटचं, तिने हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा क्लास केला असेल, हल्ली बरीच मुलं करतात, अकरा युनिटपर्यंत फीही नसते, तर त्याचा ग्रेड मात्र कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा आहे आणि ट्रान्सफरच्या जीपीएत, म्हणजे सरासरी ग्रेडमध्ये, धरतात. त्यात काही कमी-जास्त असेल तर काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सांगायला लाव.

प्रश्न : मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर) आहे, दीड वर्ष झालं नाशिकहून येऊन, प्लेझंटनला राहतो. तिकडे बीकॉम झालंय आणि दोन वर्षं बँकेत नोकरी केली. इथे दिवसभर घरात एकटी, गाडी अजून नीट येत नाही. लहान मुलांबरोबर काम करायला आवडेल असं वाटतं. एच-४ ला शिकता येतं का, फॉरेनरची फी लागते का, माझं इंग्लिश बोलणं कच्चं आहे, वर्गात सगळी अठरा वर्षांची असतील ना? — नाव देऊ नका

उत्तर : नाव नाही देत गं. शिकता येतं, अगदी एक क्लास घेतलास तरी चालतं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसासारखी सेमिस्टरला बारा युनिटची सक्ती एच-४ ला नाही. फीबद्दल खूप जणी घाबरून बसलेल्या असतात पण कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना राज्याचे रहिवासी म्हणून धरता येतं, अट अशी की सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी तुझं इथे राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसायला हवा. तुझं दीड वर्ष झालंय. लीजवर तुझं नाव आहे का, राज्याचा टॅक्स रिटर्न दोघांनी मिळून भरलाय का, कॅलिफोर्नियाचं लायसन्स किंवा आयडी काढलंय का, बँकेत खातं आहे का, हे सगळं एका फाइलमध्ये लाव आणि ॲडमिशन्स ऑफिसमध्ये घेऊन जा. अर्ज भरल्यावर कॉम्प्युटरने आपोआप नॉन-रेसिडेंट ठरवलं तर तेवढ्यावरून परत फिरू नकोस, कागद दाखवून परत ठरवून घेता येतं.

लहान मुलांचं म्हणतेस तर तुझ्यासाठी एक चांगली गोष्ट आहे, या राज्यात प्रीस्कूल टीचर व्हायला चार वर्षांची डिग्री लागत नाही. अर्ली चाइल्डहूडची बारा युनिट, म्हणजे साधारण चार क्लासेस झाले की प्रायव्हेट प्रीस्कूलमध्ये टीचर म्हणून उभं राहता येतं. लास पोसितासला हा विभाग चांगला आहे, कॅम्पसवरच चाइल्ड सेंटर आहे. मात्र हे लक्षात ठेव की एच-४ वर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आल्याशिवाय पगाराची नोकरी करता येत नाही, आणि ईएडी बहुतेक वेळा तेव्हाच जेव्हा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असतो. कॉलेजच्या आतली विद्यार्थ्यांची नोकरीसुद्धा एच-४ ला चालत नाही, तिथे खूप जणी चुकतात, मैत्रीण एफ-१ वर असते आणि ती करते म्हणून आपणही फॉर्म भरतो. शिकून ठेवण्यात मात्र काहीच आड येत नाही, ईएडी येईल तेव्हा तू तयार असशील.

बीकॉमच्या मार्कशीट इथे मोजून घ्यायच्या तर बाहेरच्या इव्हॅल्युएशन एजन्सीकडून करून घ्याव्या लागतात, त्याला पैसे पडतात. बारा युनिटच करायची असतील तर आत्ता ती घाई नको.

इंग्लिशचं अजिबात मनावर घेऊ नकोस. पूर्वी इथे प्लेसमेंट टेस्ट असायची आणि त्यात माणसं वर्षानुवर्षं खालच्या क्लासमध्ये अडकून पडायची, २०१७ च्या कायद्यानंतर ते गेलं. ईएसएलचे, म्हणजे इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांचे, वर्ग वेगळे असतात, हवं तर आधी त्यातला एक घे. आणि वर्गात सगळी अठराची नसतात, हेच तर या कॉलेजचं मला सगळ्यात आवडतं. माझ्या वर्गात एक आजोबा होते साठीचे, आर्मीतून आलेला एक मुलगा होता, दोन मुलांची आई रात्रीची ड्यूटी करून सकाळी यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. माझं "वॉटर" कोणाला कळायचं नाही, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रोफेसरला माझं नाव माहीत होतं, आणि वर्गात तीसच जण असले की हे होतंच, सहाशेच्या लेक्चर हॉलमध्ये कोण कोणाला विचारतं.

गाडीचं म्हणशील तर डब्लिन-प्लेझंटन बार्ट रेल्वे स्टेशनवरून व्हील्स या स्थानिक सेवेची बस कॉलेजपर्यंत येते. फक्त संध्याकाळचा क्लास घेतलास तर परतीची शेवटची बस किती वाजता हे रजिस्टर करायच्या आधी बघ, नंतर नाही.

प्रश्न : आमचा चिरंजीव बारावी सायन्स झाला आहे. एजंट म्हणतो अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला एफ-१ वर पाठवा, दोन वर्षं स्वस्तात होतात आणि मग बर्कली. हे कितपत खरं? — एक वडील, कोथरूड, पुणे

उत्तर : दादा, अर्धं खरं आहे. एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजात येता येतं, ट्रान्सफर घेता येते, टॅगसुद्धा परदेशी विद्यार्थ्यांना मिळतो. पण वर जी ४६ डॉलरची फी लिहिली ती तुमच्या मुलासाठी नाही, त्याला नॉन-रेसिडेंट दर लागतो जो याच्या कित्येक पट आहे, आणि एफ-१ वर कितीही वर्षं राहिला तरी तो फीसाठी रहिवासी ठरत नाही, म्हणजे पुढे यूसीलाही बाहेरच्यांचीच फी. युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडतं हे खरं, पण स्वस्त हा शब्द एजंटच्या तोंडून ऐकून हिशोब करू नका, कॉलेजच्या आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदासाठी, किती रक्कम दाखवायला सांगतात तो आकडा मागा.

"मग बर्कली" या शब्दांवर तर विश्वास ठेवूच नका, वर लिहिलंय तसं बर्कली हमी देत नाही.

पैशापेक्षा मला काळजी वाटते ती राहण्याची. उपनगरातल्या छोट्या कॉलेजांना बहुतेक ठिकाणी होस्टेल नसतं, लास पोसिताससुद्धा त्यातलंच. कॉलेज एका बाजूला टेकडीवर, शेजारी द्राक्षांचे मळे, कॉलेजचाही स्वतःचा मळा आहे कारण तिथे द्राक्षशेती आणि वाइनचा कोर्स चालतो, दिसायला सुंदर आहे हो, पण दुपारी क्लास सुटले की सगळे आपापल्या गाडीत बसून घरी जातात आणि पार्किंग लॉट रिकामा होतो. आमच्या मुलांना ते चालतं, त्यांचं घर दहा मिनिटांवर आहे आणि घरी आमटी-भात तयार आहे. अठरा वर्षांचा मुलगा एकटा पुण्याहून येऊन कुणाच्या तरी घरात एक खोली भाड्याने घेऊन राहणार, ते भाडं इथे भरपूर असतं, जेवणाचं त्याचं त्यानेच बघायचं, बाहेर नोकरी करता येत नाही, कॅम्पसवर काम मिळालंच तर आठवड्याला वीस तास. दर सेमिस्टरला बारा युनिट पूर्ण करावीच लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच क्लास धरला जातो, छोट्या कॉलेजात निम्मे क्लास ऑनलाइन असले तर हे जुळवणं अवघड होतं. इथे तुमची बहीण, भाऊ, कोणी सख्खं राहत असेल आणि मनापासून ठेवून घेणार असेल तर विचार करा. कोणीच नसेल तर मी म्हणेन डिग्री पुण्यात होऊ दे, मास्टर्सला पाठवा, तेव्हा तो मोठा झालेला असेल.

प्रश्न : मावशी, आई तुमचा कॉलम वाचते म्हणून लिहितोय, पण तिला माहीत नाहीये, प्लीज. मी फर्स्ट सेमिस्टरला आहे कम्युनिटी कॉलेजमध्ये. कॅल्क्युलसच्या मिडटर्मला ४१ टक्के पडले. हायस्कूलमध्ये मला कधी असे मार्क पडले नाहीत. नववा आठवडा चालू आहे. ड्रॉप करू का? आणि इथे कोणाशी ओळखच होत नाही, सगळे येतात आणि जातात. — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, बरं केलंस लिहिलंस. नववा आठवडा म्हणजे अजून वेळ आहे. साधारण पंचाहत्तर टक्के सेमिस्टर होईपर्यंत डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, घेऊन बाहेर पडता येतं, नेमकी तारीख तुझ्या कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये आहे, ती आत्ता फोनमध्ये टाक. ती उलटली की जो येईल तो ग्रेड घ्यावा लागतो. डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही, एफ मोजला जातो. एखादा डब्ल्यू असला म्हणून ट्रान्सफर अडत नाही, ढीगभर असले तर मात्र प्रश्न विचारतात, आणि एक विषय जास्तीत जास्त तीन वेळा घेता येतो, डब्ल्यू त्यातलाच एक धरतात, तेव्हा फुकट नाहीये तो. ड्रॉप केल्यावर बारा युनिटच्या खाली जातोस का तेही बघ, फायनान्शियल एड असेल तर त्यावर परिणाम होतो, आणि व्हिसावर असशील तर आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

पण ड्रॉपच्या आधी एक कर. सिलॅबसमध्ये प्रोफेसरचे ऑफिस अवर्स लिहिलेले असतात, तिथे मिडटर्मचा पेपर घेऊन जा आणि सरळ विचार, आता इथून मला सी किंवा बी येऊ शकतो का, त्यासाठी फायनलला किती लागतील. त्यांना गणित माहीत आहे, ते खरं सांगतात. मोठ्या युनिव्हर्सिटीत या खोलीबाहेर रांग असते, छोट्या कॉलेजात बहुतेक वेळा प्रोफेसर एकटेच बसलेले असतात, मी गेले होते तेव्हा पाऊण तास मला एकटीला मिळाला होता. इथे मागे लागून कोणी विचारत नाही, घरचे करत होते तसं, पण दार वाजवलंस की माणसं खरंच वेळ देतात. तू लाजून गेला नाहीस हे मी ओळखते कारण मीही पहिल्यांदा दारापर्यंत जाऊन परत आले होते.

ट्युटोरिंग सेंटर फुकट असतं, त्यात कमीपणा काही नाही, बी मिळवणारी मुलं ए साठी तिथे बसलेली असतात. आणि ओळखीचंही तिथेच होईल. क्लास संपला की पार्किंगकडे जाऊ नकोस, लायब्ररीत एक टेबल ठरव आणि रोज दोन तास तिथेच बस, आठवड्याभरात तुझ्या वर्गातलं कोणीतरी शेजारी येऊन बसेल, कारण ४१ पडलेला तू एकटा नसणार.

आईला मी सांगणार नाही. पण तिला तू सांग, रविवारी, ती चहा घेऊन निवांत बसलेली असेल तेव्हा, आणि सांगताना ऑफिस अवर्समध्ये प्रोफेसर काय म्हणाले तेही सांग. म्हणजे आधी तिकडे जाऊन ये.